काचेच्या पेटीतला उजवा हात

१

मोठ्या सरांचा उजवा हात चोरीला गेल्याची बातमी सकाळच्या पहिल्या चहाबरोबर रुग्णालयाच्या सगळ्या मजल्यांवर पोचली. एका पेशंटाने ती अर्धवट ऐकली आणि आपलं ऑपरेशन पुढे ढकलता येईल का, अशी चौकशी केली. त्याला समजावून सांगावं लागलं, की हात प्लास्टरचा होता आणि सर स्वतः घरी चाकाच्या खुर्चीत सुखरूप आहेत. म्हणजे हल्ली जितके असतात तितके.

नेमके त्याच वेळी गुंगीकाका बॅग घेऊन दारातून आत आले. ते या रुग्णालयाचे निवृत्त भूलतज्ज्ञ. सर पोट उघडायचे, आणि ते पेशंटाला कळू नये ही काकांची जबाबदारी. सगळी हयात त्यांनी लोकांना झोपवण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यापासून त्यांची स्वतःची झोप उडाली होती. मुलीच्या गावाहून ते उद्याच्या समारंभाला म्हणून आले होते. गुडघे ठणकत होते. कुणीतरी खुर्ची द्यावी एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती.

खुर्ची मिळाली, पण ती चिरंजीवांच्या केबिनमध्ये.

चिरंजीव म्हणजे सरांचा एकुलता एक मुलगा आणि रुग्णालयाचा संचालक. लहानपणापासून रक्त बघून त्याला चक्कर येई, म्हणून तो डॉक्टर न होता व्यवस्थापन शिकला आणि आता डॉक्टरांना चक्कर आणत असे. हात दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या दर्शनी दालनात काचेच्या पेटीत, कापडाखाली होता, आज सकाळी कापड उचललं तर पेटी रिकामी, हे त्याने काकांना एका दमात सांगितलं.

"पण मुळात हातच का?" काकांनी विचारलं. निमंत्रणावर 'सरांच्या सिद्धहस्त उजव्या हाताचे अनावरण' असं वाचलं तेव्हाच त्यांना छापखान्याचा संशय आला होता.

चिरंजीवांचा आवाज हळवा झाला. मागच्या वर्षी सरांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. दोनच गोष्टी तोंडात उरल्या. एक 'उजवा हात' आणि दुसरी 'चालेल'. बाकी कळतं सगळं, बाहेर पडतं एवढंच. चिरंजीवांनी त्यांना विचारलं, बाबा, तुमची आठवण म्हणून रुग्णालयात काय उभारू? सर म्हणाले, उजवा हात. तुमच्या उजव्या हाताचा साचा घेऊ? सर म्हणाले, चालेल. काचेत ठेवू? चालेल. खाली दिवे लावू? चालेल.

"सगळं त्यांच्या संमतीने केलंय, काका," चिरंजीव म्हणाला.

ज्या माणसाला 'नाही' म्हणताच येत नाही, त्याच्याइतका सोयीचा वडीलधारा दुसरा नसतो, हे काकांच्या मनात येऊन गेलं.

"पोलिसांना अजून कळवलं नाही. उद्या अर्धं गाव येणार, सगळ्यांच्या पोटावर बाबांचे टाके. हात नाही म्हटल्यावर काय दाखवू? तुम्ही घरचे आहात. एकदा तिच्याशी बोला. आज संध्याकाळपर्यंत हात परत ठेवला तर मी काही ऐकलं नाही, काही पाहिलं नाही. नाहीतर तक्रार करणार, आणि उद्या मंचावरून नाव घेणार."

"तिच्याशी? म्हणजे चोर तुला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच माहीत आहे," चिरंजीव म्हणाला. "धाकट्या बाई."

२

काकांनी चहा खाली ठेवला.

धाकट्या बाई सरांच्या सहायक सर्जन. ऑपरेशनच्या टेबलाच्या एका बाजूला सर आणि समोरच्या बाजूला त्या, असं काकांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. केस पांढरे झाले, चष्म्याचे नंबर वाढले, तरी त्या 'धाकट्या'च राहिल्या, कारण 'मोठे' ठरलेले होते. सर निवृत्त झाल्यावर शस्त्रक्रियेचा सगळा भार त्यांनीच ओढला. या आठवड्याअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्या निरोपाचा समारंभ कुणी ठरवलेला नव्हता. झालाच तर असा होणार होता, भर मंचावरून चोर म्हणून.

चिरंजीवांकडे पुरावे तयार होते. काल संध्याकाळी बाई त्या पेटीसमोर बराच वेळ एकट्या उभ्या होत्या, स्वागतकक्षातल्या मुलीने पाहिलं. खांद्याला भली मोठी पिशवी. कॅमेरे? कॅमेरे होते, पण समारंभाची तालीम टिपायला ते सगळे कालच मंचाकडे वळवले होते. रिकाम्या मंचाचं अतिशय स्पष्ट चित्रण उपलब्ध होतं.

"आणि हेतू म्हणाल तर तोही आहे. साचा तयार झाल्यावर सगळ्यांना फोटो दाखवला. सगळे वा वा म्हणाले. या बाई काय म्हणाल्या? 'हा हात चुकीचा आहे.' बाबांचा हात! चुकीचा! मत्सर म्हणतात तो हाच."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, तुमचं मत नोंदवून घेतलं आहे."

"आणि त्या?"

"ऑपरेशनला गेल्या."

काकांनी डोळे मिटले. चिरंजीवांना वाटलं डुलकी लागली. खरं तर ते टेबलाच्या डोक्याच्या बाजूला, आपल्या जुन्या स्टुलावर जाऊन बसले होते आणि मधल्या पडद्यावरून पलीकडे डोकावत होते.

डोळे उघडून त्यांनी शिल्पकाराला बोलावून घेतलं. शिल्पकार हा रात्रभर जागल्यासारखा दिसणारा, दाढीत प्लास्टरची पूड अडकलेला गृहस्थ होता. चोरीपेक्षा त्याला दुसऱ्याच गोष्टीचं दुःख होतं. त्याला धातूचा, खरखरीत, वय दिसणारा हात करायचा होता. चिरंजीवांना पाहिजे होता जिवंत वाटणारा.

"मूळ हात सुजलेला आहे हो," तो काकांजवळ कुरकुरला. "लुळा पडला की सूज येतेच. मी ती तशीच ठेवली होती. तर म्हणे, सूज काढा. काढली. बोटं जरा सरळ करा. केली. रंग द्या, अगदी कातडीसारखा. दिला. पाठीवरच्या शिरासुद्धा रंगवल्या. मनगटाच्या वर चार बोटांपर्यंतच, आतून पोकळ, एकदम हलका. आता तो हात सरांचा कमी आणि साबणाच्या जाहिरातीतल्या माणसाचा जास्त वाटतो. पण लांबून बघाल तर फसाल."

काल दुपारी त्याने हात पेटीत मखमलीवर ठेवला. रंग ओलसर होता म्हणून काचेचं झाकण न लावता नुसतं कापड टाकलं. पेटी मुद्दाम बुटकी केलेली, म्हणजे लोकांना शेजारी वाकून फोटो काढता येतील. तेवढ्यात सरांना घेऊन त्यांच्या पत्नी आल्या. सगळ्यांनी हात पाहिला, कौतुक केलं, सर 'चालेल' म्हणाले. मग चिरंजीवांनी सगळ्यांना दालनाच्या दुसऱ्या टोकाला, पडद्याआड उभारलेला मंच दाखवायला नेलं आणि शिल्पकार तिथूनच घरी गेला.

"सगळ्यांना म्हणजे सरांनाही?"

"छे, त्यांना कशाला उगाच ढकलत न्यायचं. ते बसले होते पेटीपाशी."

चिरंजीव घाईने मध्ये पडला. बाबांना ते आवडलंच होतं, म्हणाला. आणि काल तर बाबा फारच टवटवीत दिसत होते. नवीन फिजिओथेरपी विभाग सुरू केल्याचा परिणाम. "काका, मी स्वतः गाडीत बसवून दिलं त्यांना. झोळीतून हात बाहेर आलेला, आणि सूज बघाल तर साफ उतरलेली. रंगही कसा तजेलदार! मी लगेच त्या विभागाचं अभिनंदन केलं."

काका त्याच्याकडे बघतच राहिले.

"काय झालं?"

"काही नाही," काका म्हणाले. "विभागाने काय उत्तर दिलं?"

"ते म्हणाले, तुमचे बाबा या महिन्यात आलेच नाहीत. विनय असतो एकेकाला."

३

धाकट्या बाई कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसल्या होत्या. टोपी डोक्यावरच होती, चपला काढलेल्या, पाय समोरच्या स्टुलावर. दोन ऑपरेशनं झाली होती, तिसरं जेवणानंतर होतं. काकांना पाहून त्यांनी पाय खाली घ्यायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला.

"या डॉक्टर. तुम्हीसुद्धा झडती घ्यायला आलात का? पिशवी तिथे आहे. आत डबा आहे, छत्री आहे आणि लोकरीचं विणकाम आहे, ते काही या जन्मी पुरं होत नाही."

काकांनी पिशवीकडे पाहिलंही नाही. शेजारी बसून त्यांनी गुडघे चोळले. एकमेकांच्या समोर आयुष्य काढलेल्या माणसांना गप्प बसायला विषय लागत नाही.

मग बाई आपणहून बोलल्या. काल संध्याकाळी घरी जाताना त्यांनी कापड उचललं, हे खरं. आत हात नव्हता.

"नव्हता? मग तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं अजून ठेवायचा असेल. खरं सांगू? बरं वाटलं. आणि इतकी दमले होते, की तिथेच उभ्या उभ्या डोळा लागला. ती स्वागतकक्षातली पोर म्हणते ना, बराच वेळ पेटीसमोर उभ्या होत्या. खांबाला टेकून झोपले होते मी."

काकांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग त्यांनी तो हात चुकीचा का, ते विचारलं.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्हीही तेच विचारता? उजवा आहे म्हणून. सर डावरे आहेत, हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, आपल्या सिस्टरांना ठाऊक. लिहायचे उजव्याने, जेवायचे उजव्याने, लहानपणी फटके देऊन लावलेली सवय ती. पण सुरी कायम डाव्या हातात. म्हणून तर मी सगळी वर्षं उलट्या बाजूला उभी राहिले. बाहेरच्या कुणाला कळणार? ज्यांचं पोट उघडलं ते झोपलेले, आणि घरचा मुलगा दारातूनच चक्कर येऊन परत जायचा."

"मग तसं सांगायचं होतंत."

"सांगायला गेले तर म्हणाला मत नोंदवून घेतलं. माझ्याच्याने वाद होत नाही आता. काय होईल? चोर म्हणतील. म्हणू देत. घरी जाऊन झोपायचंय मला." पण हे म्हणताना त्यांचा आवाज किंचित घसरला. टोपीच्या नाड्या सोडण्याच्या निमित्ताने त्यांनी मान वळवली. "फक्त मंचावरून म्हणू नये. समोर सगळे माझे पेशंट असणार."

काका उठले. उठताना गुडघ्याने आणि त्यांनी एकदमच हाय म्हटलं.

"डॉक्टर," बाईंनी विचारलं, "तो हात गेला तरी कसा असेल हो दारातून बाहेर? रखवालदार तर प्रत्येकाची पिशवी बघतो."

"पिशवीतून गेलाच नाही," काका म्हणाले. "उघडा गेला. सगळ्यांच्या देखत. चिरंजीवांनी स्वतः गाडीचं दार उघडून दिलं त्याला. तिसरं ऑपरेशन झालं, की टोपी काढा आणि चला. तुम्हालाही यायचंय."

४

संध्याकाळी सरांच्या घरी बैठकीच्या खोलीत पडदे ओढलेले होते. सर खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होते. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, सुजलेला, फिकट, जसा असायचा तसाच. चिरंजीवांची नजर त्या सुजेवर पडली आणि तिथेच अडकली.

वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, सगळ्यांना बसायला सांगितलं. धाकट्या बाई दाराशीच उभ्या राहिल्या.

काका म्हणाले, "वहिनी, काल तुम्ही घरी आल्यावर यांची झोळी सोडलीत, तेव्हा घाबरलात का?"

वहिनींच्या हातातला पेला तिथल्या तिथे थांबला. मग त्यांनी तो खाली ठेवला, आत जाऊन कपाट उघडलं आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली वस्तू आणून टेबलावर ठेवली. अभ्र्यातून रंगवलेली बोटं बाहेर आली. खोलीत सगळ्यांत तरुण तीच होती.

"मला वाटलं डोक्यावरही परिणाम झाला, भावजी," त्या म्हणाल्या. "चोरी करायला लागले म्हणून बोभाटा झाला असता. आज हळूच नेऊन ठेवणार होते. तर सकाळपासून तिथे गर्दी." मग दाराकडे न बघता त्या पुढे म्हणाल्या, "बाईंवर आळ आल्याचं दुपारी कळलं. तरी मी गप्प बसले. ते चुकलं."

चिरंजीव खुर्चीतून अर्धवट उठला होता. हे शक्यच नाही, बाबांना एक हात नाही, असं काहीतरी तो पुटपुटला.

"त्यांना दुसरा आहे," काका म्हणाले. "आणि तोच कामाचा आहे. बस खाली, सांगतो."

काकांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. संध्याकाळी बाई आल्या तेव्हा पेटी आधीच रिकामी होती. म्हणजे हात गेला तो दुपारी, सगळे मंच बघायला गेले तेव्हा. त्या वेळी पेटीपाशी एकच माणूस होता, पण तो चोर असू शकतो हे कुणाच्या डोक्यात येईना, कारण आजारी माणसाची गणती आपण खुर्चीतच करतो. पेटी बुटकी, झाकण लावलेलं नाही, हात हलका. सरांनी डाव्या हाताने आपला लुळा हात झोळीतून काढून मांडीवरच्या चादरीखाली सारला आणि त्याच्या जागी प्लास्टरचा बसवला, आणि पेटीवरचं कापड पुन्हा सारखं केलं. अर्धं आयुष्य ज्याने चिमुकल्या भोकातून हात घालून आतड्यांची गाठ सोडवली, त्याला हे काय अवघड. लुळ्या हाताकडे कुणी निरखून बघत नाही, नजर चुकवतात. एकट्या चिरंजीवांनी पाहिलं, आणि त्याने दुसऱ्याच कुणाचं अभिनंदन केलं.

"पण का?" चिरंजीव म्हणाला. "त्यांनीच मागितला होता ना? उजवा हात!"

सर खुर्चीत ताठ झाले. "उजवा हात," ते म्हणाले. घोगरा, पण ठाम आवाज.

"तेच तर," काका म्हणाले. "डावऱ्या सर्जनला आपल्या उजव्या हाताचं स्मारक कशाला लागेल? तो हात त्यांनी चेकवर सही करायला नाहीतर चहाचा कप धरायला वापरला. यांना हात नको होता रे. माणूस पाहिजे होता. बाई रजेवर असल्या, की कपडे बदलताना मला म्हणायचे, 'गुंगीवाले, आज अवघड केस घेऊ नका. माझा उजवा हात आलेला नाही.' आणि खरंच घ्यायचे नाहीत. मोठ्या ऑपरेशनांच्या तारखा बाईंच्या रजा बघून पडायच्या."

सरांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून सुटला आणि दाराच्या दिशेने वर झाला. हात जराही थरथरत नव्हता.

धाकट्या बाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी आधी चष्मा सारखा केला. मग पुढे येऊन टेबलावरच्या प्लास्टरच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि सरांसमोर, नेहमीच्या जागी, उलट्या बाजूला उभ्या राहिल्या.

"सर, मला तुम्ही आजवर काय काय म्हणालात ते पाठ आहे माझं," त्या म्हणाल्या. "'सरका.' 'खेचा.' 'उजेड अडवू नका.' एकदा तरी तोंडावर म्हणायचं होतंत. तेव्हा शब्दांना काही तोटा नव्हता."

सरांचे ओठ हलले. एवढ्या मोठ्या आयुष्यातून उरलेल्या दोन वाक्यांत त्यांनी शोधाशोध केली असावी. त्यातलं एकही इथे बसत नव्हतं. बाईंचं मनगट मात्र त्यांनी धरून ठेवलं.

वहिनी अभ्र्याची घडी घालत होत्या. घडी झाली तरी घालतच होत्या. "मला वाटायचं," त्या हळूच म्हणाल्या, "ते उजवा हात म्हणतात ते मला."

"चालेल," सर म्हणाले.

ते चुकीच्या जागी पडलं हे त्यांनाही कळलं. त्यांचा चेहरा इतका कावराबावरा झाला, की वहिनींनाच हसू फुटलं, आणि मग डोळे पुसावे लागले.

"वहिनी," काका म्हणाले, "यांचा खरा हात डावा."

वहिनींनी थोडा विचार केला. "भावजी, तुम्ही लोकांना गुंगी द्यायचात ते औषधानेच का?" त्या म्हणाल्या, आणि उठून चहाचं बघायला गेल्या.

मागे उरला चिरंजीव. त्याच्या चेहऱ्यावर हिशेब फिसकटलेल्या माणसाची कळा होती. शेवटी त्याने बाईंची माफी मागितली, ठरावाच्या भाषेत का होईना, पण मागितली. मग म्हणाला, "पण उद्या कापडाखाली ठेवू काय?"

"काही ठेवू नका," बाई म्हणाल्या. "पुसायला लागतं. आणि माझा पुतळाबितळा काढलात तर मात्र मी खरंच चोरून नेईन."

"सकाळी रुग्णालयात प्रत्येकाला तू बाईंचं नाव सांगितलंस," काका त्याला म्हणाले. "उद्या मंचावरून पुन्हा सांगायचं. तेच नाव. फक्त कशासाठी ते बदलून."

५

दुसऱ्या दिवशी दर्शनी दालन माणसांनी भरून गेलं. पेटी काढून टाकली होती आणि मंचावर चक्क दोन खुर्च्या होत्या. एकीवर मोठे सर, आपल्या चाकांसह. दुसरीवर, अगदी मधोमध, धाकट्या बाई. त्या शेवटपर्यंत नको नको म्हणत होत्या, पण वहिनींनी त्यांचा दंड धरून त्यांना बसवलं आणि स्वतः सरांच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

चिरंजीवांनी कागद काढला. त्याने जे सांगायचं ते सांगितलं. काल या बाईंवर आपण खोटा आळ घेतला, हे सांगितलं. वडील डावरे होते हे आपल्याला काल समजलं, हेही सांगितलं, तेव्हा मागे बसलेल्या सिस्टर एकमेकींकडे बघून गालात हसल्या. आणि वडिलांचा उजवा हात कोण, हे त्याने नाव घेऊन, बाईंकडे वळून सांगितलं. लोक उभे राहिले. पोटावर टाके असलेली सगळी मंडळी एकदम उठायला गेली, तर थोडं कण्हणंही ऐकू आलं. टाळ्या बराच वेळ चालल्या. बाई पायांकडे बघत होत्या.

मग सगळे खाली बसले, आणि कागदाच्या उरलेल्या भागाला, म्हणजे रुग्णालयाच्या आगामी विस्तार योजनेला, सुरुवात झाली.

पहिल्या रांगेत बसलेल्या काकांचं लक्ष बाईंकडे गेलं. मान एका बाजूला कलली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. छाती संथ वरखाली होत होती. इतक्या लोकांसमोर, ऐन सत्काराच्या खुर्चीत, बाईंना गाढ झोप लागली होती. कुणी हाक मारणार नव्हतं, कुणाचं पोट उघडं नव्हतं, कुणी त्यांना सरका म्हणत नव्हतं.

शेजारचा एकजण त्यांना उठवायला पुढे झाला. काकांनी त्याला बाहीला धरून खाली बसवलं.

मंचावर चिरंजीवांनी शेवटचं पान उलटलं आणि आभारप्रदर्शनासाठी घसा साफ केला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून गुंगीकाकांनी त्याला खूण केली. आधी त्याला वाटलं आवरा म्हणतायत, त्याची सवय होती. पण काका तळहात खाली वर करत होते, आवाज कमी कर, आणि मग बोट गोल गोल फिरवत होते, चालू ठेव. चिरंजीवांनी बाईंकडे पाहिलं. मग त्याने शांतपणे कागद उलटा केला, माइक जरा लांब सरकवला आणि विस्तार योजना पहिल्यापासून, हळू आवाजात, पुन्हा वाचायला घेतली.